विष न सांपडलेला खून

आपण आपल्या घराचा उंबरठा सर्वांना सारखाच खुला ठेवीत नाहीं. परका मनुष्य ओसरीवर थांबतो, ओळखीचा बैठकींत बसतो, आप्त माजघरापर्यंत येतो. रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्याच्या उशापाशीं येऊन बसण्याचा मान मात्र डॉक्टरचा. तो जें औषध देईल तें आपण निमूटपणें घेतों आणि पोटच्या मुलाला न सांगितलेलें दुखणें त्याला सांगतों. जुन्या सुभाषितकारांनीं वैद्याचें यमाशीं नातें जोडून पुष्कळ थट्टा केली. पण त्या थट्टेला हंसून आपण पुन्हां वैद्याकडेच जातों, कारण विश्वास ठेवल्यावांचून आजाऱ्याला गत्यंतर नसतें. त्याच विश्वासाचा ज्यानें घात केला, अशा पुण्यांतील एका डॉक्टरच्या खटल्याची हकीकत आज मी सांगणार आहें.

लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यास शुक्रवार पेठेंत राहणाऱ्या विधवा बाई. माहेरचें नांव इंदुमती पोंक्षे. १९२२ सालीं त्यांचा विवाह झाला आणि १९४५ मध्यें पति निवर्तले. पतीच्या अखेरच्या दुखण्यांत अनंत चिंतामण लागू हा डॉक्टर औषधोपचार करीत होता. पुढें लक्ष्मीबाईंचाही डॉक्टर तोच झाला. बाईंना मधुमेह होता, क्षयानेंही गांठलें होतें. १९५४ मध्यें धाकटा मुलगा वारला. थोरला वेगळा राहत असे. पतीकडून व आईकडून आलेला पैसाअडका बराच होता, पण हिशेबठिशेब पाहणारें घरांत कोणी नव्हतें. हळूहळू डॉक्टरच तें पाहूं लागला. नाडी ज्याच्या हातीं, त्याच्याच हातीं पैशाचे कागदही गेले, आणि त्यांत वावगें असें कोणालाच वाटलें नाहीं.

मुंबईच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृति दाखविण्याचें ठरलें. भेटीची वेळ १३ नोव्हेंबर १९५६ रोजीं दुपारची होती. आदल्या रात्रीं लागू व लक्ष्मीबाई पुण्याहून पॅसेंजर गाडीनें निघालीं. पहांटे पांचच्या सुमारास गाडी त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसला आली, तेव्हां बाई बेशुद्ध होत्या. लागूनें त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत नेलें. तेथें त्यानें नांव सांगितलें तें लक्ष्मीबाई कर्वे असें नव्हे, तर इंदुमती, आणि आडनांव माहेरचें, तेंही थोडें फिरवून. आजाराची माहिती विचारतां हिस्टेरियाचे झटके येतात, असें सांगितलें. सकाळीं साडेअकरा वाजतां, शुद्धीवर न येतांच, बाईंचा अंत झाला.

खरा आप्त असो वा खरा डॉक्टर, अशा वेळीं काय करील, हें सांगावयास नको. तो प्रथम मुलाला तार करील, आप्तेष्टांना कळवील, प्रेताला अग्नि मिळेल अशी तजवीज करील. लागूनें यांतलें कांहींही केलें नाहीं. रुग्णालयाला त्यानें दूरच्या गांवच्या एका भावाचा हवाला दिला. तसा भाऊ अस्तित्वांतच नव्हता. खातें-पितें घर असलेल्या त्या बाईचें प्रेत बेवारशी म्हणून शवागारांत पडून राहिलें. पुढें वैद्यकीय महाविद्यालयाकडे तें पाठविलें असतां गळ्यापाशीं खुणा दिसल्यानें शंका आली, आणि २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनीं, शवविच्छेदन झालें. गळा दाबल्याचें कांहीं निघालें नाहीं. आंतड्याचे व इतर अवयवांचे भाग रासायनिक परीक्षणासाठीं गेले. त्यांत विषही सांपडलें नाहीं. प्रकरण तेथेंच मिटलें.

इकडे पुण्यांत लक्ष्मीबाई जिवंतच होत्या, निदान पत्रांतून. त्यांच्या नांवानें ओळखीच्या मंडळींना पत्रें येऊं लागलीं. मी यात्रेस निघालें आहें. जोशी नांवाच्या गृहस्थाशीं पुनर्विवाह केला आहे. आतां जयपूरकडे राहणार, परत यावयाची नाहीं, अशा अर्थाचा मजकूर त्यांत असे. आणि पत्रें येत होतीं त्याच काळांत बनावट कागदांच्या आधारें त्या मृत बाईचे शेअर, ठेवी, चीजवस्तु एकामागून एक लागूच्या घशांत जात होत्या.

श्रोतेहो, हा बेत साधलाही असता. प्रेत दुसऱ्याच नांवाचें, विष सांपडलेलें नाहीं, कागदोपत्रीं बाई सुखानें संसार करीत आहेत. तो फसला तो एका अगदीं साध्या गोष्टीमुळें. कांहीं माणसांनीं विचारपूस सोडली नाहीं. ज्या बाईला आम्हीं इतकीं वर्षें ओळखतों, जिचें दुखणें असें, जिचें घरदार येथें, ती कोणाला न भेटतां, न सांगतां दूरदेशीं संसार थाटील, हें त्यांना पटेना. आप्तांनीं व स्नेह्यांनीं सरकारकडे अर्ज केले. चौकशी सुरू झाली, बेपत्ता लक्ष्मीबाईंचा धागा मुंबईच्या बेवारशी इंदुमतीपर्यंत जाऊन पोंचला, आणि १९५८ मध्यें लागूला अटक झाली.

पुण्याच्या सत्र न्यायालयानें त्याला फांशीची शिक्षा सांगितली. मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती कायम केली. तेथून अपील सर्वोच्च न्यायालयांत गेलें. प्रश्न मोठा बिकट होता. प्रेतांत विष मिळालें नाहीं. विष देतांना कोणीं पाहिलें नाहीं. कोणतें विष, हेंही सांगतां येत नाहीं. मग खून झाला असें म्हणावें तरी कशावरून?

१४ डिसेंबर १९५९ रोजीं निकाल लागला, तो एकमतानें नव्हे. न्यायमूर्ति सरकार यांनीं आरोपीस सोडावें असें मत दिलें. त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. बाई मधुमेहानें आजारी होत्या; मृत्यु नैसर्गिक नव्हता हें निःसंशय सिद्ध झालेलें नाहीं. एका लोभी माणसानें आयत्या आलेल्या मृत्यूचा फायदा घेतला, असेंही असूं शकेल. लबाडी सिद्ध झाली म्हणून खून सिद्ध झाला असें होत नाहीं.

उलट न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं बहुमताचा निर्णय लिहिला. विषप्रयोगाच्या खटल्यांत मृत्यु विषानें झाला, विष आरोपीपाशीं होतें आणि तें देण्याची संधि त्याला होती, या गोष्टी पाहावयाच्या असतात, हें त्यांना मान्य होतें. पण या गोष्टी परिस्थितिजन्य पुराव्यानेंही सिद्ध होऊं शकतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. विष घालणारा एकांत पाहूनच घालतो. कित्येक विषें शरीरांत खूण ठेवीत नाहींत. आणि मारणारा स्वतःच डॉक्टर असेल तर तीं कोणतीं, हें त्याला ठाऊक असतें. रसायनशास्त्राला विष मिळालें नाहीं एवढ्यावरून गुन्हेगार सुटूं लागला, तर जो अधिक शिकलेला तो अधिक सुरक्षित, असा उफराटा न्याय होईल. म्हणून त्यांनीं मृत्यूच्या आधींचें आणि नंतरचें वर्तन एकत्र जोडून पाहिलें. खोटें नांव, खोटा आजार, खोटा भाऊ, टाकून दिलेलें प्रेत, खोटीं पत्रें आणि लुटलेली मालमत्ता, हे सारे दुवे एकाच दिशेला जात होते. अपील फेटाळलें गेलें.

अशा प्रकारचा पेंच न्यायासनापुढें प्रथमच आला असें नव्हे. इंग्लंडांत विल्यम पामर नांवाच्या डॉक्टरनें १८५५ च्या नोव्हेंबरांत आपल्या मित्राला स्ट्रिक्निन देऊन मारलें, असा आरोप होता. परीक्षकांना प्रेतांत स्ट्रिक्निन मिळालें नाहीं. तरीही मृत्यूचीं लक्षणें, विषाची खरेदी व पैशाची नड यांवरून तो दोषी ठरला आणि १८५६ च्या जूनमध्यें फांशीं गेला. शंभर वर्षांचें अंतर, पण दोन्ही ठिकाणीं मारणारा तोच, ज्याचा हात औषधासाठीं आपण विश्वासानें धरतों.

न्यायमूर्ति सरकार यांचें विरोधी मत मला निरुपयोगी वाटत नाहीं. मनुष्याला फासावर चढवितांना तिघांतील एकानें तरी पुन्हां पुन्हां विचारावें, खात्री आहे ना, हें न्यायाचें भूषणच आहे. पण बहुमताचा निर्णय वाचतांना माझें मन कायद्यापेक्षां त्या बाईच्या घरांत अधिक रेंगाळतें. तिचें औषध, तिचा पैसा आणि तिची पत्रें, तिन्ही एकाच माणसाच्या हातीं गेलीं. तिन्ही एका हातीं आलीं कीं माणूस मरणापूर्वींच त्या हाताच्या मुठींत सांपडतो.

आज आपल्या शहरांत कितीतरी वडीलधारीं माणसें एकटीं राहतात. मुलें दूर नोकरीला असतात. सुदैवानें पुष्कळ डॉक्टर सज्जन असतात, आणि या एका खटल्यामुळें कोणाकडे संशयानें पाहूं नये. परंतु ज्याच्या हातीं आईचें औषध आहे, त्याच्याच हातीं तिच्या बँकेच्या कागदांवरील सह्या जाऊं देऊं नयेत. आणि चार दिवस आईचें पत्र किंवा आवाज आला नाहीं, किंवा आला पण तो तिच्यासारखा वाटला नाहीं, तर जाऊन डोळ्यांनीं पाहावें. शवागारांतलें तें प्रेत मुकें होतें. त्याच्यासाठीं बोललीं तीं, ज्यांनीं बाई कोठें आहेत असें विचारणें थांबविलें नाहीं, तीं माणसें.