झडीच्या दिवसांतील शेंगोळे

नांदेडजवळच्या अर्धापूर भागांत श्रावणाची झड लागली म्हणजे केळीच्या बागा चिंब होतात, बाजाराची वाट चिखलाची होते आणि ताजी भाजी दुर्मिळ होते. अशा वेळीं गृहिणीला आधार असतो तो डब्यांतील हुलग्याच्या पिठाचा. त्यांत थोडें ज्वारीचें पीठ, वाटलेली लसूण-मिरची, जिरें, ओवा, हळद व मीठ घालून तें घट्ट मळावें. तेलाच्या हातानें बोटाएवढ्या वळ्या करून त्यांचीं टोकें जोडावीं. लसणाची फोडणी करून पाणी ओतावें व त्याला खळखळून उकळी आल्यावरच शेंगोळे सोडावे. नाहींतर ते विरघळतात. चमचाभर पीठ पाण्यांत कालवून घातलें म्हणजे रस दाट होतो. वीसएक मिनिटें शिजल्यावर भाकरी चुरून ते ऊन ऊन खावे.

फिलिपाईन्स बेटांवरहि पावसांत आलें घातलेली तांदळाची पेज, म्हणजे ‘लुगाव’, अशीच घरोघर शिजते. देश दूरचा, पण युक्ति तीच : घरचें धान्य आणि एकच भांडें.

हुलगा हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर येतो. तथापि मराठवाड्यांत सोयाबीनचा पेरा वाढला, तसा तो शेतांतून मागें हटला. शहरांतील कुटुंबांनीं पावसाळ्यापूर्वीं किलोभर हुलगे दळून ठेवले, तर मुलांच्या जिभेला ही चव ओळखीची राहील आणि शेतकऱ्यालाहि चार तासें हुलगा पेरण्यास कारण मिळेल.