उभी गाडी
(दहावी २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण, मे २०२५)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय दिला, "संगणक क्षेत्रातले माझे अनुभव". मी हो म्हटलं खरं, पण आज त्याबद्दल बोलणार नाही. संगणकावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे आमच्या घरच्या एका ट्रकबद्दल. तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे.

आठवतंय का, नववीत असताना २६ जानेवारीला आपल्या शाळेचा चित्ररथ निघाला होता? पुठ्ठ्याचा रायगड, त्याला पिवळी माती फासलेली, आणि वळणावर बुरूज पडला म्हणून दोघांनी तो शेवटपर्यंत हातानं धरून ठेवला. ते दोघंही आज समोर बसलेत. तो रायगड ज्या गाडीवर उभा होता ती आमच्या आबांची, १९९८ ची, सहा टायरची गाडी. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ती आपल्या रस्त्यावर धावत होती.

ती ठेवायची की काढायची, हा प्रश्न आमच्या घरात तीन वर्षं चालला. गाड्या दादा बघतो, पण शब्द आबांचा. मी पुण्याहून महिन्या-दोन महिन्यांनी येणारी. २०२२ च्या दिवाळीत दादा आणि आबा यावरून जेवणाच्या ताटावर बोलेनासे झाले, तेव्हा वहिनी मला म्हणाली, "ताई, तुम्ही इंजिनिअर आहात ना, मग तुम्हीच काय तो हिशोब करा." म्हणजे मी या भानगडीत पडले ती वहिनीमुळे.

तेव्हा आमच्याकडे दोन गाड्या होत्या. एक ही १९९८ ची, कारखान्याच्या ऊस वाहतुकीला आणि एरवी वाळू-विटांना. दुसरी २०१२ ची दहा टायरची, लांब पल्ल्याची. इंजिनाला कॉम्प्युटर असलेल्या पहिल्या खेपेतली. दादाचं म्हणणं, जुनी काढा आणि २०१२ ची ठेवा. चोवीस वर्षांच्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, शिवाय १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या जड वाहनाच्या फिटनेस प्रमाणपत्राचं शुल्कच १२,५०० रुपये झालंय. आबांचं म्हणणं, जी गाडी फिटली आहे, जिच्यावर एक रुपया कर्ज नाही, ती काढणारा वेडा.

आबांकडे वह्या आहेत. प्रत्येक गाडीची वेगळी. किती डिझेल, कुठला पार्ट, किती पैसे, गाडी किती दिवस उभी. दिवाळीचे चार दिवस मी त्या वह्या घेऊन बसले आणि सगळं संगणकात भरलं. आबांचं अक्षर वाचायला आईची मदत घ्यावी लागली.

मला वाटलं होतं, पार्टचा खर्च वर्षागणिक चढलेला दिसेल. तसं दिसलं नाही. जुन्या गाडीचा पार्टचा खर्च वर्षाला ७० ते ९० हजारांच्या आसपासच फिरत होता. चढले होते ते उभे राहण्याचे दिवस. २०१३ साली ती ११ दिवस उभी होती, २०१८ साली १९, आणि २०२२ साली ३८. पार्टचे पैसे तेच, पण तो पार्ट मिळेपर्यंतची वाट लांबत गेली. वहीत पार्टच्या नावापुढे आबांनी लिहिलेलं असायचं, "सातारा नाही, कोल्हापूर नाही, पुणे आठ दिवस".

दुसरी गोष्ट त्याहून आश्चर्याची होती. २०१२ ची, म्हणजे चौदा वर्षांनी तरुण गाडी, २०२१ साली ६४ दिवस उभी होती. त्यातले ३७ दिवस एकाच दुखण्यानं.

याचं कारण मला समजावलं ते आपल्याच वर्गातल्या, शेवटच्या बाकावरच्या मित्रानं. तो आज हायवेला गॅरेज चालवतो आणि नाव घेतलं तर उठून जाईन म्हणालाय. त्याचं म्हणणं असं. जुन्या इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक असतो. आत प्लंजर, बॅरल, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि गव्हर्नर. झिजला की पंपवाल्याकडे न्यायचा, त्याच्या टेस्ट बेंचवर लावून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातंय ते मोजून बसवायचा. अशा इंजिनांची रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही, त्यामुळे त्यांचे पार्ट करणारे छोटे कारखानेही पुष्कळ. नाहीच मिळालं तर कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. तिथे लेथ आहे, ग्राइंडिंग आहे, आणि नमुना दाखवला की बुश, पिन, शाफ्ट करून देणारे कारागीर आहेत.

२०१२ च्या गाडीचं तसं नाही. प्रदूषणाचे नियम २०१० साली बदलले, मग २०१७ साली, मग २०२० साली. भारत स्टेज तीन, चार आणि थेट सहा. दर वेळी इंजिन बदललं, त्यावरचे सेन्सर बदलले, कॉम्प्युटर बदलला. म्हणजे मधल्या पिढीतली प्रत्येक जात थोडीच वर्षं बनली. थोड्या गाड्या, म्हणून पार्टला गिऱ्हाईक थोडं, म्हणून बनवणारा कुणी नाही. शिवाय सेन्सर काही लेथवर होत नाही.

त्या ३७ दिवसांचं दुखणं म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर जळाला होता. दुसऱ्या गाडीचा वापरलेला मिळाला, पण तो नुसता जोडून चालत नाही. त्यात आपल्या गाडीची माहिती भरावी लागते, आणि ती भरायचं सॉफ्टवेअर ठरावीक वर्कशॉपमध्येच. तिथे सांगितलं, या मॉडेलचं जुनं सॉफ्टवेअर ज्या लॅपटॉपवर होतं तो बंद पडलाय. दादा फोनवर माझ्यावरच ओरडला, "तुमच्या लोकांनी गाड्या नासवल्या!" मी काय बोलणार? माझंही काम तेच आहे. मीही प्रोग्राम लिहिते आणि पाच-सहा वर्षांनी "याला आता आधार नाही" असं पत्र गिऱ्हाइकाला पाठवते. त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला अंगणात उभी असलेली गाडी असू शकते, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

आता हिशोब. नवी सहा टायरची घ्यायची म्हणून २० लाखांचं कर्ज धरलं, १० टक्के, ५ वर्षं, तर महिन्याला साधारण ४२,५०० रुपये हप्ता. वर्षाला ५ लाख १० हजार. आमची जुनी गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर चालायची, लिटरला ४ देत. नवी ५ देईल असं धरलं तर वर्षाला ७५० लिटर वाचतात. ९० रुपयांनी ६७,५००. उभ्या दिवसांचं नुकसान, दिवसाला साडेतीन हजार धरून, ३८ दिवसांचं १ लाख ३३ हजार. पार्टचे ८० हजार मिळवा. सगळं मिळून २ लाख ८० हजार. म्हणजे कमी पल्ल्याच्या कामाला जुनीच परवडत होती. आबा बरोबर होते.

लांब पल्ल्याला मात्र हे गणित उलटतं. तिथे किलोमीटर जास्त, म्हणून डिझेलचा फरक मोठा. आणि उभा दिवस जास्त महाग, कारण भरलेला माल दुसऱ्याच्या गाडीत टाकावा लागतो आणि व्यापारी तुटतो. त्यामुळे काढायची ती २०१२ ची, असं माझं उत्तर आलं. दोघांनाही ते आवडलं नाही. तरी २०२३ च्या सुरुवातीला ती विकली. घेणाऱ्याला कॉम्प्युटरचं सगळं सांगून विकली, त्यामुळे चाळीस हजार कमी आले.

इथे एक कबुली देते. माझ्या हिशोबात एक रकाना नव्हता, धुराचा. जुनी गाडी पीयूसीला पास व्हायची, पण जुन्या गाडीला मापही जुनंच असतं. भरलेल्या उसानं चढाला लागली की मागे काळा लोट. कारखान्याचा रस्ता आपल्या शाळेच्या कुंपणावरून जातो. सकाळच्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं तो धूर घेतात, आणि त्याचे पैसे कुणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. म्हणून मी म्हटलं, ठेवू, पण कायमची नाही. अटी लिहून ठेवू.

आबांच्याच वहीच्या शेवटच्या पानावर चार अटी लिहिल्या. एक, ब्रेक, स्टीअरिंग आणि पुढचा एक्सल यांना डुप्लिकेट, जोडलेला किंवा भंगारातला पार्ट लावायचा नाही. इंजिनाचा चालेल, कारण इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते, आणि स्टीअरिंग गेलं तर ती उभी राहत नाही. दोन, चाळीस किलोमीटरच्या पलीकडे आणि रात्री न्यायची नाही. तीन, वर्षात ४५ दिवसांवर उभी राहिली तर काढायची. चार, यातलं काहीही घडलं तर त्या दिवशी नव्यानं चर्चा करायची नाही. खाली आबांची सही, दादाची सही, आणि ड्रायव्हरमामांचीही. मामा त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून. म्हणाले, "माझी सही कशाला? मी नोकर माणूस." मी म्हटलं, "मामा, गाडीत तुम्ही बसता."

दोन हंगाम गाडी नीट चालली. गेल्या ऑक्टोबरमध्ये, कारखाना सुरू व्हायच्या आधी, किंगपिन बदलायला ती आपल्या मित्राच्या गॅरेजला लावली. डाव्या बाजूचा स्टब एक्सल त्यानं रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटली. आत शिरलेलं रॉकेल भेगेतून बाहेर आलं होतं. मी नेमकी घरी होते, म्हणून ती रेघ डोळ्यांनी पाहिली.

नवा मूळ पार्ट मिळेना. चार शहरांत विचारलं. त्या वजनाच्या गाडीचा तो नग आता येतच नाही म्हणाले. एकानं सांगितलं, वेल्डिंग भरून लेथला घेतो, दोन तासांचं काम, दोन हजार रुपये. दुसऱ्याकडे भंगारातला होता, दिसायला चांगला. इंजिनिअर म्हणून मला माहीत होतं, स्टब एक्सल घडवलेला असतो, ठोकून आकार दिलेला. भेगेवर वेल्डिंग भरलं की वर गुळगुळीत दिसतं, पण त्या उष्णतेनं शेजारचं लोखंड कडक आणि ठिसूळ होऊ शकतं. आणि भंगारातल्या नगानं किती खड्डे खाल्लेत ते बाहेरून कळत नाही.

पण मला बोलावंच लागलं नाही. हंगाम आठ दिवसांवर, कारखान्याशी करार झालेला, दादा वेल्डिंगवाल्याला फोन लावतोय, आणि आबा म्हणाले, "वही आण." शेवटचं पान वाचलं. मग मामांना म्हणाले, "सही केलीय आपण."

गाडी पुण्याकडच्या नोंदणीकृत भंगार केंद्राला दिली. बाहेर विकली असती तर जास्त पैसे आले असते, पण घेणाऱ्यानं वेल्डिंग करून ती रस्त्यावर आणली असती, कदाचित याच रस्त्यावर. केंद्राकडून प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवं वाहन घेतलं तर करात सवलतीची तरतूद आहे, मालवाहू वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत. ज्यांना घ्यायचंय त्यांनी जरूर विचारा. आम्ही वापरलेली, २०२१ ची घेतली, त्यामुळे आम्हाला ती मिळाली नाही. आबांनी जाताना फक्त हॉर्न काढून घेतला. तो आता ओसरीवर आहे आणि नातू त्याचा जीव खातोय.

मामा नव्या गाडीवर बसणार नाही म्हणत होते. महिनाभर बसले नाहीत. तो महिना दादानं त्यांना पगार दिला. आता बसतात. या गाडीला डिझेलबरोबर युरियाचं पाणी लागतं, तर मामा सगळ्यांना सांगत फिरतात, "उसाला युरिया, गाडीलाबी युरिया. फक्त आमालाच चहा."

ही गाडीही पंधरा वर्षांनी अशीच अडणार, हे मला माहीत आहे. हिच्यात तर २०१२ च्या गाडीहून जास्त कॉम्प्युटर आहेत. म्हणून हिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच अटी लिहिल्यात.

आपल्यापैकी कित्येकांकडे असं काहीतरी जुनं, कमावतं यंत्र आहे. कुणाकडे ट्रॅक्टर, कुणाकडे गुऱ्हाळाचं इंजिन, कुणाकडे छापखान्याचं मशीन. तुमचं ठेवा किंवा काढा, ते मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच की उभे दिवस लिहून ठेवा, आणि कधी थांबायचं ते यंत्र चालू असताना ठरवा. बंद पडलेल्या दिवशी डोकं चालत नाही, दोन हजारांतलं काम फार गोड वाटतं.

गणिताचे सर आज समोर आहेत. सर, तुम्ही म्हणायचात, उत्तर चुकलं तरी रीतीचे गुण देईन. आमच्या घरात तीन वर्षं उत्तरावरून भांडण झालं. रीत लिहिली आणि ते मिटलं. गुण किती ते चहाच्या वेळी सांगा.