पडद्यावरचे वॅट आणि तारेवरची उष्णता



ब्रिटनमधल्या व्हेपच्या दुकानात गिऱ्हाईक हमखास विचारते : या लिक्विडला किती वॅट ठेवायचे? दुकानदार कॉइलवर छापलेला आकडा वाचून दाखवतो आणि व्यवहार संपतो. श्वसनविकारांचे डॉक्टर, रसायनशास्त्राचे अध्यापक आणि विज्ञानलेखक जिथे एकत्र बसले आहेत, तिथे मात्र हा प्रश्न इतक्या सहज निकालात काढता येणार नाही. ई-सिगारेटवरचे कितीतरी वाद याच आकड्यापाशी येऊन अडले आहेत.

चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास बनवलेल्या उपकरणात द्रवाचे तुषार करायला अल्ट्रासाउंडची कंपने वापरली होती. बाजारात रुळली ती मात्र तापणारी तार. कापसाची वात, तिच्याभोवती तारेची कॉइल, बाजूला द्रवाची टाकी आणि खाली लिथियमची बॅटरी, एवढाच हा संसार. ३.७ व्होल्टची बॅटरी दीड ओहमच्या कॉइलला जोडली की साधारण ९ वॅट उष्णता निर्माण होते. तीच बॅटरी ०.२ ओहमच्या कॉइलला जोडली तर जवळजवळ ६८ वॅट, आणि तारेतून साडेअठरा अँपिअर प्रवाह. शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडे यात काही नाही. पण वॅट म्हणजे तापमान नव्हे. दर सेकंदाला किती ऊर्जा ओतली जाते, एवढेच वॅट सांगतो. तार किती तापेल हे तिचा आकार, तिच्यावरून वाहणारी हवा आणि वातीतून पोहोचणारा द्रव मिळून ठरवतात.

द्रवाचे गणित इथे येते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, निकोटीन २४७ ला, ग्लिसरीन २९० ला. पहिले पातळ, शेवटचे दाट. दोन्ही निम्मे-निम्मे असलेला द्रव एक ओहम किंवा त्याहून अधिक रोधाच्या छोट्या कॉइलमध्ये चटकन भिनतो आणि दहा-पंधरा वॅटमध्ये नीट चालतो. सत्तर टक्के ग्लिसरीनचा दाट द्रव त्याच कॉइलमध्ये घातला तर वात वेळेवर भिजत नाही. कंदिलातले तेल सरत आले की वातच जळू लागते, तसे इथे कापसाचे होते आणि घशाशी करपट धूर येतो. दाट द्रवासाठी म्हणून रुंद तोंडाच्या, कमी रोधाच्या कॉइल निघाल्या. त्यांना पन्नास-साठ वॅट लागतात, पण ती ऊर्जा मोठ्या पृष्ठभागावर आणि भरपूर द्रवावर विभागली जाते. सुक्रालोजसारखी गोडी घातलेले द्रव आणखी त्रासदायक. त्यांचा काळा थर तारेवर बसतो, आणि आठवड्यापूर्वी योग्य असलेला आकडा आज योग्य राहत नाही.

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांचे एक पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली नाहीत, ५ व्होल्टवर मात्र भरपूर आढळली. जगभर मथळे झळकले. व्होल्ट दीडपट झाले की त्याच कॉइलमधली उष्णता सव्वादोन पटींहून अधिक होते, हे मथळ्यांखालच्या मजकुरात क्वचितच होते. ग्रीसमधले हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी त्याच वर्षी साधा पण नेमका प्रयोग केला. दोन अ‍ॅटमायझर, म्हणजे कॉइल आणि वात असलेले भाग, घेतले, एकात दुहेरी वात, दुसऱ्यात एकेरी, आणि सराईत वापरणाऱ्यांना चव सांगायला बसवले. एकेरी वातीचे उपकरण ९ आणि १० वॅटला करपले. दुहेरी वातीचे १० वॅटलाही करपले नाही. करपलेल्या झुरक्यांत फॉर्मल्डिहाइडसारखी आल्डिहाइडे ३० ते २५० पटींनी वाढली होती. म्हणजे तोच द्रव आणि तेच ९ वॅट, पण वात बदलली आणि विषाचे प्रमाण बदलले.

फार्सालिनोस यांच्या निष्कर्षाचा एक अर्थ असाही काढला गेला, की करपट चव लागली की माणूस आपोआप थांबतो, म्हणजे काळजीचे कारण नाही. हा दिलासा अपुरा आहे. जीभ दाट फ्लेवरमुळे आणि गोडीमुळे फसू शकते, आणि करपण्याच्या अलीकडेही फॉर्मल्डिहाइड शून्य नसते. वॅटची वरची मर्यादा जिभेने ठरवावी, हे शास्त्राला शोभणारे उत्तर नाही.

निकोटीन किती मिळेल, हेही एका आकड्यावरून कळत नाही. बेरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी व्होल्ट, झुरक्याची लांबी आणि द्रवातले निकोटीन बदलून पाहिले. पंधरा झुरक्यांत मिळणाऱ्या निकोटीनमध्ये पन्नास पटींहून अधिक फरक पडला. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने निकोटीनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची आणि टाकीवर २ मिलिलिटरची मर्यादा घातली. वॅटवर मात्र मर्यादा घातली नाही. नुसते निकोटीन कमी केल्याने काय होते, हे लंडन साउथ बँक विद्यापीठाच्या अभ्यासात दिसते. सराईत वापरणाऱ्यांना १८ ऐवजी ६ मिलिग्रॅमचा द्रव दिला, तर त्यांनी झुरके वाढवले, आणि जिथे वॅट बदलायची मुभा होती तिथे वॅटही वाढवले. निकोटीन कमी केले म्हणून फुप्फुसात जाणारी वाफ कमी होत नाही, उलट वाढते. सिगारेट सोडू पाहणाऱ्याने घाईने निकोटीन उतरवण्याआधी हे ऐकायला हवे.

काही द्रवांना मात्र योग्य वॅट असतच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत तरुण मुले धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांनी अनधिकृत मार्गाने घेतलेली गांजाच्या अर्काची काडतुसे वापरली होती, आणि तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातल्या द्रावात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडले. तेलकट पदार्थ वाफेतून फुप्फुसात उतरवणे कुठल्याही सेटिंगवर चूकच. लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिलचीही गोष्ट तशीच. अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसे त्याने निकामी केल्याचे २००० पासून माहीत होते. तरीही हार्वर्डच्या संशोधकांना २०१५ मध्ये तपासलेल्या ई-सिगारेटच्या ५१ फ्लेवरपैकी ३९ मध्ये ते आढळले.

भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद झाली. त्यामुळे इथे कुणाला वॅटचा सल्ला देण्याचा प्रश्न नाही, देऊही नये. पण लपून मिळणाऱ्या उपकरणावर ना छापील रोध असतो ना द्रवाचे घटक, आणि परदेशी शिकून परतलेला मुलगा खोकला घेऊन इथल्याच दवाखान्यात येतो. आपल्या केसपेपरवर बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री असे विचारले जाते. त्याखाली आणखी चार रकाने हवेत : द्रव कोणता आणि कुठून घेतला, कॉइलचा रोध किती, वॅट किती, झुरका किती सेकंदांचा. विज्ञानलेखकांनीही ‘वाफेत अमुक विष सापडले’ असे छापण्याआधी मूळ निबंधातून याच चार गोष्टी शोधाव्यात, आणि निबंधात त्या नसतील तर त्या नाहीत असे बातमीतच लिहावे.