मोठ्या हॉटेलातल्या दोन रात्री
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याचा प्रसंग मजवर आजवर आला नव्हता. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "ती चादरीची गोष्ट तू ओट्यावर बसून सांगतेस, तीच उभी राहून सांग." तेव्हा उभी राहिले आहे. चुकेल ते पदरात घ्या.

हॉटेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्टेशनाबाहेरचे चहा-वड्याचे हॉटेल येते. राहण्याचे हॉटेल आपल्या घरांत कोणी पाहिलेले नसे. मुंबईत काम निघाले तर उत्तनची बस पकडून भाईंदरला जावे, सकाळची गाडी गाठावी आणि रात्री परत मोरव्याला यावे. फारच अडचण आली तर नात्यातल्या कोणाच्या तरी खोलीत पथारी टाकावी. लोकमान्य टिळकांनी 1920 साली मुंबईच्या सरदारगृहात देह ठेवला, आणि ते उतरायचे ठिकाण होते, एवढे शाळेत शिकले होते. तेवढीच माझी ओळख.

तर गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीचा फोन आला. ती बंगळूरला असते. जावईबापूंच्या कंपनीची सभा मुंबईला होती आणि कंपनीने दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात खोली दिली होती. नाव सांगत नाही, कारण थोडी तक्रारही सांगायची आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. जावईबापू दिवसभर सभेत, भाचीलाही तिच्या कामाचे दोन-तीन फोन. ताईचे गुडघे चालत नाहीत, म्हणून "मावशी, तूच ये." आमचे हे म्हणाले, "जा की! आम्ही दोन दिवस भात-आमटी करू." मी पिशवीत नाचणीचे सत्त्व, जुनी दुपटी आणि सुंठ घेतली आणि निघाले.

दारातच पहिला धक्का. मेजापलीकडचा तरुण मुलगा भाचीला अगदी गोड आवाजात विचारतो, "मॅडम, आया याच खोलीत झोपणार का?" अहो, मी पुतण्याच्या लग्नातली साडी नेसले होते! भाची लाल झाली. "या माझ्या मावशी आहेत," ती म्हणाली. तो बिचारा चार वेळा माफी मागता झाला.

खोली कशी होती म्हणून सगळ्या विचारतात. खोली फार सुंदर होती. पण दहा महिन्यांच्या पोराला सुंदर खोलीचे काय? तिथे आमच्या जिवाला घोर. न्हाणीघरात गुळगुळीत दगड. नळ फिरवला की कढत पाणी. टेबलांचे कोपरे बरोबर पोराच्या कपाळाच्या उंचीचे. दार आपोआप लागते आणि बाहेरून उघडत नाही. मी बाळाला पुसत होते तेवढ्यात मुलगी बाहेर गेली आणि दार मिटले. सगळी दारे एकसारखी, तिला आपले कोणते ते कळेना. तिचे रडणे ऐकून मी तशीच ओल्या हातांनी धावले. त्यानंतर पहिले काम केले ते वरची साखळी लावण्याचे. कोणी जाणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. खोलीत शिरल्यावर भिंतीतल्या खाचेत एक कार्ड घालावे लागते, तेव्हा दिवे लागतात. मुलीला तो मोठा खेळ वाटला.

आता चादरीचे. नवी जागा, गारठवणारा वारा, त्यात संध्याकाळी प्यायलेले सरबत. रात्री तीनच्या सुमारास मुलीने अंथरूण ओले केले. ती दोन वर्षांची असल्यापासून असे झाले नव्हते. भाची दमून झोपली होती, तिला उठवले नाही. पांढरीशुभ्र चादर, खाली कोण जाणे केवढ्या किमतीची गादी! मला वाटले, हे आता बिलात लावतील आणि जावईबापूंच्या साहेबांपुढे आमच्या घराची शोभा होईल. मी चादर काढली, न्हाणीघरातल्या त्या लांब टबात बसून त्यांच्याच सुगंधी साबणाने धुतली, पिळली आणि पडद्याच्या दांडीवर वाळत घातली. गादीचा डाग केस वाळवायच्या यंत्राने अर्धा तास वाळवीत बसले. मुलगी उशीवरून बघत होती. हळूच म्हणाली, "मावशीआजी, कोणाला सांगू नकोस हं." मी म्हटले, "कोणाला ग सांगणार?" आणि आज तुम्हां सगळ्यांना सांगते आहे. पण तिचे नाव सांगितलेले नाही, तेव्हा वचन अर्धे तरी पाळले.

सकाळी खोली आवरायला एक बाई आली. दांडीवरची चादर बघितली आणि मराठीतच म्हणाली, "मावशी, हे तुम्ही कशाला केलंत? आमच्याकडे गादीवर घालायचं मेणकापड असतं. फोन करून मागायचं. लहान मुलं असली की रोज कुठे ना कुठे होतंच." मी विचारले, "पैसे?" ती हसली. "त्याचे नाहीत. त्या छोट्या फ्रिजातलं मात्र काही उघडू नका." ती नालासोपाऱ्याची निघाली. तिचाही चार वर्षांचा मुलगा, आईपाशी ठेवून पहाटेच्या गाडीने येते. म्हणजे आमचीच विरार लाइन! मग मला धीर आला. मुदपाकखान्यात फोन करून बाळासाठी मऊ भात आणि वरचे वरण मागितले. यादीत नव्हते, पण वीस मिनिटांत आले, वर तुपाची वाटीसुद्धा. आदल्या दिवशी मागितले असते तर पोर अर्धपोटी झोपले नसते. मी लाजले, त्याने भोगले.

दुसरी गोष्ट मला अजून सलते. सकाळच्या फराळाला शेजारच्या मेजावर एक कुटुंब होते. त्यांची बाळ सांभाळणारी मुलगी असेल अठरा-वीस वर्षांची. ती बाळाला कडेवर घेऊन भिंतीशी उभी. सगळ्यांचे खाणे होईपर्यंत उभीच. आदल्या दिवशी मलाही तीच समजले होते. "मावशी" म्हटल्यावर मला खुर्ची मिळाली. मी तिला "ये, बस" म्हटले नाही. माझी खुर्ची नवी होती ना!

संध्याकाळी मुलांना गेटवेवर नेले आणि ताजमहाल हॉटेल बाहेरून दाखवले. ते 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. गेटवेची कमान पुरी झाली ती 1924 साली. म्हणजे हॉटेल आधी आणि दरवाजा मागाहून! जमशेटजी टाटांनी ते बांधवले हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचे नकाशे काढणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी गृहस्थ होते, हे मला जावईबापूंनी सांगितले. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचे इस्पितळ होते. आणि 26 नोव्हेंबर 2008 ची ती रात्र तर आपण घराघरांत टीव्हीपुढे बसून पाहिली. त्या वेळच्या व्यवस्थापकांचे बिऱ्हाड हॉटेलातच होते. पत्नी आणि दोन लहान मुलगे आगीत गेले, आणि ते स्वतः खाली पाहुण्यांना बाहेर काढीत राहिले. आम्ही समोर उभ्या होतो. मुलगी कबुतरांमागे धावत होती. मी तिचा हात जरा घट्टच धरला.

खोलीचे भाडे मी विचारले नाही. दिवसाचे भाडे साडेसात हजारांवर गेले की अठरा टक्के जीएसटी लागतो, एवढे जावईबापूंच्या बोलण्यातून कानी आले, तेवढ्यावरून काय ते समजले.

निघताना ती आवरणारी बाई भेटली नाही, तिची पाळी संपली होती. उरलेले नाचणीचे सत्त्व कागदात बांधून, वर "बाळासाठी" असे लिहून उशीवर ठेवले. तिला मिळाले की नाही, देव जाणे.

मुले येत्या मे महिन्यात मोरव्यालाच येणार आहेत. मुलीने फोनवर विचारले, "मावशीआजी, तुझ्याकडे दिव्याचं कार्ड आहे का?" कार्ड नाही. मेणकापड मात्र कालच धुऊन उन्हात घातले आहे.