ठेवी, मानांकने आणि स्पॅमची चाळणी
(नभोवाणीवरील भाषण)



१२ नोव्हेंबर २०२१ रोजी दिवसाचे कामकाज संपले आणि सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागू झाले. खात्यात कितीही रक्कम असो, ग्राहकाला काढता येणार होते फक्त एक हजार रुपये. पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२२ रोजी, बँकेचा परवानाच रद्द झाला. बँकेकडे पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असे कारण रिझर्व्ह बँकेने दिले.

हजार रुपयांत काय होते, हे यंत्रमागावर पाळी करणाऱ्या कामगाराला किंवा विड्या वळून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, कॉलेजची फी, दवाखान्याचे बिल, सगळे एका कागदी आदेशाने जागच्या जागी थांबते. बातमी मात्र वर्तमानपत्रात दोन दिवस टिकते.

पण या प्रकरणात एक गोष्ट चांगली घडली आणि ती सांगायलाच हवी. परवाना रद्द होण्यापूर्वीच, १३ सप्टेंबर २०२२ पर्यंत, ठेव विमा महामंडळाने या बँकेच्या ठेवीदारांना १९३ कोटी ६८ लाख रुपये दिलेले होते. सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता. दोन वर्षे आधी हे शक्य नव्हते. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडचणीत आली, तेव्हा विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावरच मिळत. तोपर्यंत ठेवीदार नुसते ताटकळत राहिले. त्यांच्या हालअपेष्टा देशाने पाहिल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कायदा बदलला. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यायची, असे ठरले. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने दाव्यांची यादी द्यायची आणि पुढच्या ४५ दिवसांत महामंडळाने ती तपासून पैसे पोचवायचे.

ठेव विम्याची कल्पना आपल्याकडे आली तीही अशाच एका धक्क्यातून. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक. अकोल्याच्या बँकेचा सोलापूरच्या बँकेशी संबंध काही नाही, नावाचे साम्य तेवढे. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला आणि तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. सहकारी बँका या छत्राखाली यायला १९६८ ची कायदादुरुस्ती व्हावी लागली.

आता या नव्वद दिवसांकडे जरा जवळून पाहू. ठेवीदाराला बँकेत जाऊन एक अर्ज भरून द्यावा लागतो. विम्याची रक्कम घेण्यास आपण तयार आहोत, असे लिहून द्यायचे, ओळखपत्राची प्रत जोडायची आणि पैसे जमा करण्यासाठी दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक द्यायचा. म्हणजे ज्याची झोप उडाली आहे असा माणूस या काळात आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत असतो, खाते क्रमांक कागदावर उतरवून घेत असतो आणि कोणाच्या तरी निरोपाची वाट पाहत असतो. अशा वेळी त्याच्या फोनवर संदेश येतो, 'तुमचे केवायसी अपुरे आहे, आजच्या आज खालील लिंकवर माहिती भरा, नाहीतर रक्कम मिळणार नाही.' एरवी तो असा संदेश पुसून टाकेल. त्या नव्वद दिवसांत त्याचा अंगठा थरथरतो आणि लिंकवर पडतो.

आर्थिक संकट आणि लबाडीची पत्रे यांची ही जोडी जुनी आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. बँका बुडू लागल्या, एकमेकींत विलीन होऊ लागल्या. आपली बँक आता कोणाची, हे लोकांना कळेना. 'तुमची बँक विकली गेली आहे, खात्याची माहिती पुन्हा भरा' अशा ईमेलना तेव्हा ऊत आला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या शरद ऋतूत लोकांना याबद्दल खास इशारा दिला होता. आपल्याकडे मार्च २०२० च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत दिली, आणि काही दिवसांतच हप्ता पुढे ढकलून देतो म्हणत ओटीपी मागणारे फोन सुरू झाले. बँकांना ग्राहकांना सावध करावे लागले.

त्याच २००८ सालात दोन घटना अशा झाल्या की स्पॅमचा, म्हणजे न मागता येणाऱ्या घाऊक पत्रांचा, सगळा व्यवहार उघडा पडला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी स्पॅम पाठवणाऱ्या एका टोळीच्या यंत्रणेत शिरून मोजदाद केली. औषधांची जाहिरात करणारी जवळपास ३५ कोटी पत्रे गेली आणि खरेदीपर्यंत पोचलेली माणसे निघाली २८. सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! पत्र पाठवायला खर्चच येत नसेल, तर एवढेही पुरते. आणि लोक घाबरलेले असतील, तर सव्वा कोटीत एक हे प्रमाण झपाट्याने सुधारते. संकटाच्या काळात अशा पत्रांचा पूर का येतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

दुसरी घटना ११ नोव्हेंबर २००८ ची. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील मॅक्कोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडण्यात आली. स्पॅम टोळ्यांचे नियंत्रण करणारे संगणक तिच्याकडे होते. त्या एका दिवसात जगभरातले स्पॅम निम्म्याहून अधिक घटले. काही आठवड्यांनी टोळ्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवले, पण उगमाशी घाव घातला तर काय होते, ते तेवढ्यात दिसले.

उगम दर वेळी हाती लागत नाही. म्हणून आपल्या इनबॉक्सच्या दाराशी चाळणी बसवलेली असते. ती चालते कशी? १९९८ साली संगणकशास्त्रज्ञ मेहरान सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि २००२ साली प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांनी मांडलेली रीत सोपी आहे. चांगल्या पत्रांचा एक ढीग घ्यायचा, नकोशा पत्रांचा दुसरा. प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजायचे. नवे पत्र आले की त्यातल्या शब्दांच्या शक्यता एकत्र करून निकाल लावायचा. या हिशेबामागचे गणित अठराव्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचे. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. ग्रॅहम यांना त्यांच्या ढिगाऱ्यात एक गमतीची गोष्ट सापडली. स्पॅम ओळखण्याची सर्वांत पक्की खूण म्हणून अश्लील शब्दांच्या बरोबरीला बसला तो भडक लाल रंगाचा संगणकी संकेत. लाल अक्षरांत ओरडणारे पत्र बहुधा चोराचे, हे माणसाने यंत्राला सांगितले नव्हते. ते यंत्राने मोजून काढले.

या रीतीत एक गृहीतक दडलेले आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. पत्रातला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे आला, असे यंत्र धरून चालते. हे खरे नसते. 'बक्षीस' आले की मागोमाग 'लॉटरी' येते, 'अभिनंदन' येते. तिघे एकाच घरचे साक्षीदार असतात, यंत्र मात्र त्यांना तीन वेगळे साक्षीदार मानते. तरीही निकाल बहुतेक वेळा बरोबर लागतो, आणि चुकला तर एखादे पत्र इकडचे तिकडे जाते. ते पत्र उचलून परत ठेवता येते आणि 'हे स्पॅम नाही' असे सांगितले की यंत्र त्यातून शिकते.

२००८ च्या संकटामागे असलेल्या अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या बाबतीतही हिशेबाच्या मुळाशी असेच एक गृहीतक होते. हजारो घरकर्जे एकत्र बांधून रोखे काढले गेले. एका गावातला एक कर्जदार बुडाला म्हणून दुसऱ्या गावातला बुडत नाही, कर्जे बऱ्याच अंशी आपापल्या कारणांनी थकतात, असे मानून त्या रोख्यांना सर्वोच्च मानांकने मिळाली. या संकटाची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या आयोगाने जानेवारी २०११ मध्ये दिलेल्या अहवालात आकडे आहेत. २००६ साली मूडीज ही एकटी मानांकन संस्था कामकाजाच्या दर दिवशी अशा ३० रोख्यांवर सर्वोच्च मानांकनाचा शिक्का मारत होती. त्या वर्षीच्या शिक्क्यांपैकी ८३ टक्के पुढे खाली आणावे लागले. देशभर घरांच्या किमती एकदम पडल्या आणि स्वतंत्र मानलेली कर्जे हातात हात घालून बुडाली. खुद्द लेहमनचे पतमानांकन शेवटच्या दिवसापर्यंत 'ए' श्रेणीतले होते.

इथे 'हे चुकले' असे कळवणारे बटण कोणाच्या हाती नव्हते. रोखे काढणारी बँकच मानांकनाचे शुल्क भरत होती. ज्याचे पैसे अडकले, त्याचे मत शिक्का मारणाऱ्यापर्यंत पोचायची वाटच नव्हती.

सोलापूरकरांना हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. बेकारी एवढी पसरली की जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून मिलचा कारभार हाती घेतला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चिरंजीतलाल चौधरी खटला म्हणून तो आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. मिलचा भोंगा थांबला की कामगाराचा पगार थांबतो, वाण्याची उधारी थकते, खानावळ ओस पडते, घरभाडे तुंबते. या सगळ्यांनी वेगवेगळ्या कारणांसाठी कर्जे काढलेली असली, तरी ती थकतात एकाच दिवशी.

आजही चित्र फारसे वेगळे नाही. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा कारखानदार, त्याला सूत पुरवणारा व्यापारी, रंगाईवाला, टेम्पोवाला आणि कामगार हे सगळे एकाच शहरातल्या बँकेचे कर्जदार असू शकतात. सुताचा भाव भडकला किंवा परदेशातल्या मागणीला ओहोटी लागली, की सगळ्यांच्या हप्त्यांवर एकदम परिणाम होतो. सोलापूरची लक्ष्मी बँक याच कारणाने बुडाली, असा दावा इथे नाही. पण शहरी सहकारी बँकेचा मोठा गुण, म्हणजे ती गावाला ओळखते आणि गाव तिला, हाच तिचा धोकाही आहे. कर्जदारांची संख्या मोठी दिसते, आणि त्यांचे नशीब एका धाग्याला बांधलेले असते. सहकारी बँकेच्या जाहिरातीत 'ऑडिट वर्ग अ' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ते पाहताना ठेवीदाराने विचारावे की कर्जे किती धंद्यांत वाटली आहेत आणि सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती वाटा आहे. बँकेचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो वापरला जात नाही, ही खरी खंत आहे.

आता पुन्हा इनबॉक्सच्या चाळणीकडे येऊ. तिची दुसरी चूकही इथल्या निर्यातदाराने लक्षात ठेवायला हवी. चोर आत येणे ही एक चूक, आणि पाहुणा बाहेर राहणे ही दुसरी. परदेशातल्या नव्या खरेदीदाराची चौकशी अनोळखी पत्त्यावरून येते, तिच्यात दर, डॉलर, पेमेंट हे शब्द असतात, सोबत जोडपत्र असते. यंत्राला संशय यायला एवढे पुरेसे आहे. म्हणून स्पॅमची पेटी रोज एकदा उघडून पाहावी. उलट, जुन्या खरेदीदाराच्या किंवा पुरवठादाराच्या नावाने 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे पत्र आले, तर पैसे पाठवण्यापूर्वी आपल्या वहीतल्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर करू नये. हे पत्र स्वच्छ भाषेत असते, लाल अक्षरे नसतात, आणि चाळणीतून ते सहज पार होते.

खरा संदेश ओळखण्यासाठी आता सरकारी पातळीवरही काही खुणा ठरल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर आणायला सांगितले. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. अधिकृत एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर असते. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी आणि सरकारी संदेशाला जी. साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून बँकेच्या नावाने संदेश आला, तर तो उघडूच नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांना आज एवढे नक्की सांगा. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या नावावरच्या ठेवींना, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाखांपर्यंत विमा असतो. फसवणूक झाली तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक. आणि ठेव विम्याचा हप्ता पूर्णपणे बँक भरते. तो ठेवीदाराकडून घेतला जात नाही. विम्याचे पैसे सोडवून देतो म्हणून जो कोणी आधी रक्कम मागेल, त्याला एक रुपयाही देऊ नका.