थोरल्या भावाचं गप्प बसणं

आज आम्ही तुमच्याशी एका थोरल्या भावाविषयी बोलणार आहोत. हा भाऊ आहे एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला. कादंबरीचं नाव ‘जेन एअर’. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या शार्लट ब्राँटी या लेखिकेने ती लिहिली आणि १८४७ साली ती छापून आली. बाईने लिहिलंय म्हटलं की लोक वेगळ्या नजरेने वाचतात, म्हणून तिने पुस्तकावर स्वतःचं नावही घातलं नव्हतं. करर बेल असं टोपणनाव घातलं होतं.

गोष्ट थोडक्यात सांगतो. जेन ही अनाथ मुलगी. ती थॉर्नफिल्ड नावाच्या मोठ्या वाड्यात एका लहान मुलीला शिकवायला जाते. पगार वर्षाला ३० पौंड. वाड्याचा मालक एडवर्ड रॉचेस्टर. रात्री तिसऱ्या मजल्यावरून हसण्याचा भयंकर आवाज येतो. एकदा तर मालकाच्या बिछान्यालाच आग लागते. पुढे जेन आणि एडवर्डचं लग्न ठरतं, आणि ऐन चर्चमध्ये कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे. तिचं नाव बर्था. तिला वेड लागलंय आणि दहा वर्षं तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलंय.

सगळे वाचक एडवर्ड, जेन आणि बर्थाबद्दल बोलतात. पण हे सगळं सुरू केलं कुणी? एडवर्डच्या वडिलांनी आणि थोरल्या भावाने. या भावाचं नाव रोलंड. कादंबरी सुरू होण्याआधीच तो वारलेला आहे. तो कुठेही समोर येत नाही, त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. तरी त्याची सावली शेवटपर्यंत वाड्यावर आहे.

रोलंडबद्दल आपल्याला दोघांकडून कळतं. वाड्याचा कारभार बघणाऱ्या मिसेस फेअरफॅक्स जपून बोलतात. रोलंड धाकट्याशी पुरेसा न्यायाने वागला नाही, कदाचित त्याने वडिलांचं मनही कलुषित केलं असेल, एवढंच त्या सांगतात. घरात वर्षानुवर्षं काम केलेल्या बाईला बरंच माहीत असतं, पण मालकाच्या घरचं किती बोलायचं हेही तिला माहीत असतं. दुसरा सांगणारा एडवर्ड स्वतः. तो चिडलेला आहे, म्हणून त्याचं बोलणं तोलूनच घ्यायला हवं.

तो सांगतो ते असं. वडील पैशाचे लोभी. घराण्याची इस्टेट तुकडे न होता एका हाती राहावी ही त्यांची इच्छा, म्हणून सगळं रोलंडला द्यायचं ठरलं. त्या काळी इंग्लंडमध्ये मृत्युपत्र केलेलं नसेल तर कायद्यानेही जमीन थोरल्या मुलाकडेच जाई. ती पद्धत १९२५ च्या कायद्याने बंद झाली. पण धाकटा गरीब राहिला तर घराण्याचं नाव जातं. मग उपाय काय? श्रीमंत सासरा शोधायचा. जमैकामधल्या मेसन नावाच्या मळेवाल्याची मुलगी बर्था. तिच्याबरोबर ३० हजार पौंड मिळणार होते. जेनच्या पगाराने मोजलं तर ही एक हजार वर्षांची कमाई. एडवर्डला मात्र मुलगी सुंदर आहे एवढंच सांगितलं. बर्थाच्या आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंय, हे त्याला लग्नानंतर कळलं. वडिलांना आणि रोलंडला ते आधीपासून ठाऊक होतं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपण म्हणतो. इथे ती ३० हजार पौंडांची होती.

मग रोलंड खलनायक होता का? आम्हाला वाटतं, त्याची चूक त्याहून साधी आहे, आणि म्हणूनच जास्त ओळखीची. त्याने कुणाला मारलं नाही, खोटा कागद केला नाही. तो गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचा फायदा त्यालाच मिळणार होता. धाकट्याची सोय परभारे झाली की थोरल्याला वाटा द्यायला नको. वडिलांनी ठरवलं, मी काय बोलणार, असं त्याने स्वतःला समजावलंही असेल.

याची किंमत कुणी भरली ते बघा. एडवर्डचं आयुष्य नासलं हे खरं. पण सगळ्यात जास्त भरली ती बर्थाने. तेव्हाच्या कायद्याने लग्न झालं की बाईचा पैसा नवऱ्याचा होई. इंग्लंडमध्ये हे नीट बदललं ते १८८२ च्या कायद्याने. म्हणजे पैसा तिच्या नावाने आला, तिचा राहिला नाही, आणि ती कुलपात गेली. तिला काय हवं होतं, हे पूर्ण कादंबरीत कुणी विचारत नाही.

आणि एवढं करून रोलंडला काय मिळालं? लग्नानंतर चार वर्षांच्या आत तो वारला. मागून वडीलही गेले. जी इस्टेट वाटायची नव्हती ती सगळी धाकट्याकडेच आली. शेवटी बर्थाने लावलेल्या आगीत वाडा जळून गेला आणि त्यात तीही गेली.

आता याच्या अगदी उलट प्रसंग याच कादंबरीत आहे. जेनला काकाकडून २० हजार पौंड मिळतात. तिला एक आतेभाऊ आणि दोन आतेबहिणी आहेत. काकाने त्या तिघांना मिळून फक्त ३० गिनी ठेवलेल्या असतात. कायद्याने सगळा पैसा एकट्या जेनचा. पण ती चार सारखे वाटे करते, प्रत्येकी ५ हजार. भाऊ नको म्हणतो, तेव्हा पंच नेमले जातात. पंचही तिच्या बाजूने बोलतात आणि रीतसर कागद होतात. ती नुसती तोंडाने ‘तुमचंच आहे’ म्हणत नाही. इस्टेट एकत्र ठेवणाऱ्यांच्या घरात माणसं तुटली. जेनने पैसा वाटला आणि तिला घर मिळालं.

शार्लटने हे हवेतून आणलं नसावं असं आम्हाला वाटतं. आई गेल्यावर ज्या मावशीने तिला नि तिच्या भावंडांना वाढवलं, ती १८४२ साली वारली आणि आपला पैसा चार भाच्यांना ठेवून गेली. त्याच पैशातून तिघी बहिणींनी आपलं पहिलं पुस्तक छापून घेतलं.

आपल्याकडे सगळं थोरल्याला असा कायदा नाही. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. पण हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणीला कागद वाचून दाखवतो कोण? मुलीचं स्थळ ठरताना ज्याला माहीत असतं तो बोलतो का? रोलंड वाईट माणूस नसेलही. पण माहीत असून तो बोलला नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा आणि एका प्रश्नावर बोला: आपल्या घरात वाटणीचं किंवा सोयरिकीचं बोलणं चालू असतं तेव्हा गप्प बसून फायदा कुणाचा होतो? उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या भेटीत त्यावरच बोलू.