दरवाजे, दिंड्या आणि पहारा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य अक्षरांच्या जतनात गेले. म्हणून अक्षरे आज जेथे वस्तीला गेली आहेत त्या जागेविषयी बोलावे, असे मी योजले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश आज संगणकाच्या पडद्यावर वाचता येतो. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया तर लिनक्सच्या यंत्रांवरच नांदतो. आपल्या परिसरातील वारली, धोडिया, कोकणा बोलींतली गाणी फारशी छापली गेलेली नाहीत. उद्या कोणी ती नोंदवून शाळेच्या संकेतस्थळावर ठेवली, तर कदाचित ती तेवढ्या एकाच जागी असतील. ती जागा सुरक्षित आहे काय, हा प्रश्न म्हणूनच भाषेचाही आहे.

लिनक्सची वार्ता लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केली. ती प्रणाली कोणालाही घेता, तपासता, सुधारता येते. त्यामुळे जगातील संकेतस्थळांचा फार मोठा भाग तिच्यावर चालतो. मात्र वास्तू मजबूत असली म्हणून राहणारा सावध असतोच असे नाही.

या विषयाचे व्याकरण मला परके वाटले नाही, कारण ते आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. गडाला एकच दरवाजा असणे हा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात. पण नित्याच्या वहिवाटीला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. सर्व्हरलाही हजारो दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वाचकांसाठी ८० आणि ४४३ ही दारे लागतात, व्यवस्थापकाच्या प्रवेशासाठी बहुधा २२ क्रमांकाचे. बाकीची फायरवॉलने चिणून टाकणे हे पहिले कर्तव्य. व्यवस्थापकाच्या दाराला पासवर्डपेक्षा संगणकीय किल्लीची जोडी बरी, कारण सोपा पासवर्ड ओळखण्यासाठी परकी यंत्रे रात्रंदिवस दार ठोठावीत असतात.

दुसरे तत्त्व अधिकाराचे. सभासदाच्या बखरीत गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी सांगितले आहेत. एकट्याच्या हाती गड नसल्यामुळे एकट्याला तो फितुरीने देता येत नसे. लिनक्समध्ये रूट नावाचा सर्वाधिकारी असतो. रोजच्या कामाला त्याचे रूप घेऊ नये. प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि कामापुरताच अधिकार द्यावा. स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असतात, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी. तेथे सर्वांना सर्व काही लिहिण्याची मुभा देणारी फाइल म्हणजे जिन्यात टांगून ठेवलेली घराची किल्लीच.

तिसरे तत्त्व डागडुजीचे. लोककथेतली हिरकणी ज्या कड्यावरून रायगड उतरली, तेथे महाराजांनी बुरूज बांधविला असे सांगतात. वाट सापडली की ती बुजवायची, हे शहाणपण त्या कथेत आहे. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. ओपनएसएसएल या संरक्षक प्रणालीतील त्या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर परक्याला तुकड्यातुकड्याने वाचता येत असे. चूक दोन वर्षांपूर्वीची. दुरुस्ती त्याच दिवशी विनामूल्य मिळाली. बसविण्याचे कष्ट मात्र ज्याचे त्यालाच घ्यावे लागले. ज्यांनी आळस केला, त्यांचा बुरूज अपुराच राहिला.

चौथे तत्त्व पहाऱ्याचे. २९ मार्च २०२४ रोजी आन्द्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने एक गुप्त चोरवाट जगापुढे मांडली. सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याच शंकेवरून त्याने शोध घेतला. एक्सझेड नावाच्या छोट्या उपयोगी प्रणालीत ती वाट पेरली होती. ती प्रणाली दीर्घकाळ एका स्वयंसेवकाने जवळजवळ एकट्याने सांभाळली होती. मदतनीस म्हणून आलेल्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादून घात केला. चोरवाट सर्वत्र पसरण्याआधीच सापडली, हे सुदैव. स्वयंसेवकाचे मोल या गावाला सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले ते स्वयंसेवकांच्याच बळावर, आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते. परंतु स्वयंसेवकाला एकटे सोडणे हा कृतघ्नपणा तर आहेच, शिवाय धोकाही आहे.

सर्व्हर आपल्या दाराशी कोण आले, याची रोजनिशी लिहितो. तिला लॉग म्हणतात. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २०२२ साली सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना अशा नोंदी १८० दिवस जपण्याचा, तसेच ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळविण्याचा आदेश दिला. पण न वाचलेली रोजनिशी काय कामाची?

शेवटी प्रतींविषयी. पोथी टिकली ती अनेक मठांत तिच्या नकला झाल्या म्हणून. माझ्या परिचयाच्या एका वाङ्मयीन संस्थेने जुने अंक संगणकावर चढविले; बॅकअप होता, पण त्याच यंत्रावर. यंत्र गेले, दोन्ही गेले. तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, एक परगावी, हा जाणकारांचा संकेत आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सारे पुन्हा उभे करून पाहावे. न उघडलेल्या पेटीत काय शिल्लक आहे, ते कोणालाच ठाऊक नसते.

शाळेला माझी विनंती साधी आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्याचा सत्कार आपण करतोच. ते राखणाऱ्याचे नावही वार्षिक अहवालात छापा. त्याच्या जोडीला दुसरा शिक्षक, एखादा माजी विद्यार्थी द्या. किल्ल्या कोणाकडे आहेत आणि नावाची मुदत कधी संपते, हे एका वहीत लिहून कपाटात ठेवा. गडाची कीर्ती बांधणाऱ्याच्या नावावर जाते, पण रात्री गड जागा ठेवतो तो पहारेकरी. आपल्या अक्षरांना असे पहारेकरी याच वर्गांतून मिळोत, अशी इच्छा व्यक्त करतो.